पाया आणि प्रश्न

‘पहिल्या वर्षाची पोरं, त्यांचा कसला सेमिनार? आधी पाया पक्का होऊ द्या.’ एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं हे वाक्य डोक्यातून जाईना. नव्या शैक्षणिक धोरणातले श्रेयांक, मेजर-मायनर सगळ्यांना पाठ आहेत. आपला सेमिनारही ठाऊक आहे : एकाने उतरवून आणलेलं वाचायचं, बाकीच्यांनी हजेरीपुरतं बसायचं.

पण पाया म्हणजे काय? ब्रह्मपुरीकडची मुलगी येते तीच धानाच्या बांधावर वाघ का येतो, हा प्रश्न घेऊन. आपण तिला तीन वर्षं भलतीच उत्तरं पाठ करायला लावतो. तिचा प्रश्न एम.ए.पर्यंत ताटकळतो.

प्रश्नापासून सुरू होणारा अभ्यास इथे नवा नाही. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आलं 2011 साली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा अभ्यासगट त्याच्याही आधीचा. मेंढा गाजलं ते ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेने, 2009 मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्काने. मला मोठा वाटतो तो अभ्यासगट. गावचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल, गावकरी, कधी बाहेरचा जाणकार असे बसून बोलत. निर्णय मात्र तिथे नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने. अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा. निर्णयाचं ओझं नसलं की माणूस मत बदलायला मोकळा होतो.

वर्गातला निर्णय म्हणजे गुण. सर समोर बसून गुण मांडत असताना ‘सर, हे पटलं नाही’ कोण म्हणेल? तेव्हा चर्चेला गुण नकोतच.

पण मग भामरागडहून येऊन खोली करून राहणारा मुलगा बिनगुणांच्या तासाला कशाला बसेल? शिवाय वाचनावाचून चर्चा म्हणजे चावडीवरच्या गप्पा, हे त्या ज्येष्ठ सरांचं म्हणणं खोडता येत नाही. मेंढ्यातही नुसत्या अनुभवावर भागलं नाही. कायदा समजून घ्यावा लागला. पुस्तक बाजूला सारायला निघालेला मी आता म्हणतो, 2006 चा वनहक्क कायदा कलमांसकट पहिल्याच सत्रात वाचायला द्या.

तर माझा सेमिनार असा : दोन श्रेयांक, 30 तास, पंधरा मुलं, एक प्रश्न. गुण फक्त शेवटच्या लेखी टिपणाला. तपासणार चर्चेत न बसलेला शिक्षक. टिपणात एक गोष्ट सक्तीची : आधी मत काय होतं आणि कशामुळे बदललं किंवा टिकलं.

पाया आधी की प्रश्न आधी, यावर सरांशी माझं भांडण आता उरलेलं नाही. त्यांनी चर्चेला बसताना गुणांची वही बाहेर ठेवावी, एवढ्यावर मात्र आहे.