तिसरं नाव

मिरजेत एका गवंड्याच्या मुलाने बारा फ्लॅटची इमारत बांधायला घेतली. विटा तो स्वतः पारखून घ्यायचा, स्लॅबवर पाणी मारायला स्वतः उभा राहायचा. महारेराची नोंदणीही केली होती. तरी गिऱ्हाईक टिकेना. माणसं फ्लॅट बघून खूश व्हायची आणि आठवड्याने पलीकडच्या मोठ्या बिल्डरकडे टोकन द्यायची.

एक शिक्षिका मात्र परत आल्या. "दादा, काम तुमचंच चांगलं आहे. पण माझी बँक इथे कर्ज देत नाही. तुमच्या एजंटाची फायनान्स कंपनी देते, ती ११ टक्क्यांनी. पलीकडे साडेआठने मिळतंय." त्यांनी वही पुढे केली. २५ लाख, २० वर्षं. साडेआठने हप्ता २१,७०० रुपये, अकराने २५,८००. शेवटापर्यंत धरलं तर फरक जवळजवळ दहा लाखांचा.

एजंट म्हणाला, "ताबा मिळेपर्यंतचे हप्ते आपण भरू, अशी जाहिरात करा. तो खर्च फ्लॅटच्या भावात घालू." मुलाला पटत आलं होतं. म्हातारा गवंडी ओट्यावरून म्हणाला, "भिंतीला ओल आली की आधी रंग लावतोस, का ओल कुठनं येते ते बघतोस?"

दुसऱ्या दिवशी तो सरकारी बँकेत गेला. मॅनेजर म्हणाले, "आमचा व्याजदर रेपोला बांधलेला. त्यावर कर्जदाराचा सिबिल बघतो. बिल्डर लहान की मोठा, त्याने दर ठरत नाही. तुमचं अडलंय ते जमिनीपाशी." बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचे उतारे आणि फेरफार काढले होते. मूळ मालक वारल्यावर वारस म्हणून दोन मुलगे लागले होते. मुलगी होती, तिचं नाव कुठेच नव्हतं. आणि जमीन याने दोघा भावांकडूनच घेतली होती.

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. पुढेही कदाचित विचारलं नसतं, आणि अकरा टक्केवाले कर्ज देतच होते. पुष्कळजण इथूनच माघारी फिरतात. त्यांनी झाकलेल्या कागदाचं व्याज मग घर घेणारा महिन्याच्या महिन्याला भरत राहतो, आणि आपण ते कशापायी भरतोय हेही त्याला कळत नाही. याचा मला फार राग येतो.

तो मंगळवेढ्याला त्या मुलीकडे गेला. ती आता म्हातारी झाली होती. तिने चहा केला, सगळं ऐकून घेतलं. "सही देते बाळा. पण आधी माझं नाव लागू दे. बापाच्या जमिनीवर एकदा तरी बघू दे मला."

नाव लावायला तलाठी, नोटीस, भावांचे जबाब. मग तिच्या हिश्श्याचं नोंदणीकृत खरेदीखत, भावांना दिला त्याच दराने. चार महिने गेले, यंदाचा नफा बराचसा त्यात गेला. बँकेने प्रकल्प मंजूर केला, त्यापाठोपाठ दुसऱ्या बँकेनेही. सगळ्या कागदांची फाईल त्याने साईटवरच्या टेबलावर उघडी ठेवली, कुणीही वाचावी म्हणून.

शिक्षिकांचं कर्ज साडेआठने झालं. कराराच्या दिवशी त्यांनी फाईल चाळली. फेरफारावर त्यांचं बोट थांबलं.

"या कोण?"

"मंगळवेढ्याच्या मावशी," तो म्हणाला. "वास्तुशांतीला येणार आहेत."