विठ्ठलातला ‘ठ’

आसनगावपासून टोकावड्यापर्यंत, शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला की रात्रीच्या कीर्तनात गाण्याची परीक्षा होते. परीक्षक असतात मंडपातली शेतकरी माणसं. कीर्तनकारामागे उभ्या गायनाचार्यांनी सूर सुरेख लांबवला, पण चरण कोणतं ते कळलंच नाही, तर टाळकरी उचलणार काय? उलट शब्द ठोकून म्हटले तर गाणं जातं आणि पाठांतर उरतं. शब्द मोठा की सूर, हा वाद मैफलीत आवडीनिवडीचा असेल. इथे तो रोजच्या कामाचा आहे.

वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) ख्यालाच्या घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली, किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या. शब्दांनाही ती बरीचशी लागू पडते. किराण्याच्या विलंबितात शब्द म्हणजे सूर टेकवायची जागा, तर आग्र्यात बोलबनाव, म्हणजे शब्द घेऊन खेळणं, हीच गायकी. ख्यालात पहिली वाट खपून जाते. बंदिश बहुधा ब्रजभाषेतली, श्रोता अर्थासाठी आलेला नसतो, आणि एकतालाचं आवर्तन मिनिटभर चाललं की अक्षरं इतकी लांब लांब पडतात की त्यांचा शब्द होतच नाही. अभंगाला ही सूट नाही.

भीमसेन जोशी किराण्याचेच. पण त्यांच्या अभंगवाणीत ओळ आधी सगळ्या अक्षरांनिशी सरळ येते, आलाप-ताना मागाहून. एकदा ओळ कानात बसली की मग शब्द सुरात विरला तरी ऐकणारा तो मनात धरून असतो. कॅसेटच्या काळात गावोगावच्या बुवांनी ही अभंगवाणी गिरवली. बहुतेकांनी ताना उचलल्या आणि ती सरळ म्हटलेली पहिली ओळ तेवढी सोडून दिली.

माझ्या मते भांडण शब्द आणि सूर यांचं नाहीच. जीभ कधी हलवायची, एवढाच प्रश्न आहे. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’पाशी जीभ टाळूला चिकटते आणि आवाज क्षणभर बंद होतो. त्याला इलाज नाही. पण कच्चा गायक ‘वि’ धरलेला असतानाच जीभ वर नेऊ लागतो. इकार चेपतो, सूर तिथे तुटतो, आणि दोष मिळतो बिचाऱ्या ‘ठ’ला. मुरलेला गायक इकार शेवटपर्यंत भरून ठेवतो, ‘ठ्ठ’ मात्रेवर झटकन घेतो आणि त्याच दमात पुढच्या अकारावर येतो. खंड पडतो, पण कान त्याला खंड म्हणत नाही. ‘म’, ‘न’, ‘ल’ यांत तर आवाज चालूच राहतो, तिथे मींड खुशाल ओढावी. नुसत्या आकारावर वर्षानुवर्षं गळा तयार केलेल्यांची आणखी एक खोड असते: तानेत त्यांचा ‘ई’ही ‘आ’ होतो आणि ‘ऊ’ही.

इकडच्या बोलींत ‘पाणी’चं ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. शहाणेसुरते पहिलं बोट त्यावर ठेवतात. मला ते अनाठायी वाटतं. गावच्या बुवांचा खणखणीत ‘न’ मंडपाच्या शेवटच्या ताडपत्रीपर्यंत जातो. शिकलेल्या गळ्यातला अर्धवट गिळलेला ‘ण’ पेटीवाल्यापर्यंतही पोचत नाही. यातला अस्पष्ट कोण? हां, ‘काळ’चा ‘काल’ झाला तर अर्थच फिरतो, तिथे मात्र ‘ळ’ हवाच.

एक अडचण गायकाच्या हातात नाही. व्यंजनांचा बारीक, कडक आवाज ज्या उंच पट्टीत असतो, त्याच पट्टीत टाळांचा झणकार असतो. जाणते टाळकरी म्हणूनच नवं चरण सुरू होताना हात आवरतात. साऊंडवाला मात्र आवरत नाही. त्याने एको चढवला की एवढ्या निगुतीने घेतलेला ‘ठ’ तीन-तीनदा ऐकू येतो आणि पुढच्या शब्दावर जाऊन पडतो. मग चालू कीर्तनात कुणीतरी उठून सांगतं, “दादा, एको काढ आधी.”