तारवांतील चारा

(शेलार, ता. भिवंडी, येथील मंडळीपुढें केलेलें प्रवचन)

आधार : उत्पत्ति, अध्याय ६, ओव्या १९ ते २१



जलप्रलयाची गोष्ट आपल्या मुलांसहि तोंडपाठ आहे. पाऊस चाळीस दिवस पडला, तारूं तरंगलें, कबुतरानें जैतुनाचें पान आणिलें, मेघांत धनुष्य दिसलें. इतकें सांगून आपण थांबतों. परंतु एकविसाव्या ओवीवर प्रवचन झालेलें मीं कधीं ऐकिलें नाहीं, व आजपर्यंत स्वतःहि केलें नाहीं. त्या ओवींत देवानें नोहास अन्नाचा सांठा करावयास सांगितलें आहे. आणि तो केवळ त्याच्या कुटुंबासाठीं नव्हे, तर त्याच्याबरोबरच्या सर्व मुक्या जीवांसाठींहि.

ज्यानें गाईबैल पाळिले आहेत त्यास या आज्ञेचें मोल ताबडतोब कळेल. जनावर गोठ्यांत बांधलें म्हणजे तें वांचलें असें नव्हे. पावसाळाभर त्यास पेंढा कोठून द्यावयाचा, हा खरा प्रश्न. म्हणून तारवाची मापें देवानें अगोदर सांगितलीं : लांबी तीनशें हात, रुंदी पन्नास, उंची तीस, तीन मजले, व आंत खोल्या. पाऊस सुरू झाल्यावर हीं मापें ठरवितां आलीं नसतीं. आणखी एक गोष्ट पाहा. घुबड खाऊं नये असें लेवीय अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. तथापि अशुद्ध म्हटलेल्या प्राण्यांचीहि जोडी नोहास तारवांत घ्यावी लागली. कोणता जीव उपयोगी व कोणता निरुपयोगी हें ठरविण्याचें काम त्याच्याकडे दिलें नव्हतें.

घुबडाचें नांव निघालें म्हणजे आपल्या पाड्यांत अजूनहि कोणी तोंड वांकडें करितात, पिंगळा बोलला तर घरांत कांहीं अशुभ होणार म्हणून दगड मारितात. त्याच कुळांतील रानपिंगळ्याची हकीगत ऐका. हा लहानसा पक्षी १८७२ सालीं मध्य हिंदुस्थानांत प्रथम हातीं आला, व पुढील वर्षीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. (हेच ह्यूमसाहेब पुढें काँग्रेसच्या स्थापनेंत होते.) १८८४ नंतर तो कोणास दिसला नाहीं. माइनर्ट्‌सहागेन नांवाच्या एका इंग्रज कर्नलानें आपणांस तो १९१४ सालीं गुजराथेंत मिळाला असें सांगितलें. परंतु संग्रहालयांतून चोरलेल्या जुन्या नमुन्यास त्यानें नवी खोटी चिठी लाविली होती, हें पुष्कळ वर्षांनीं उघडकीस आलें. तोंवर त्या खोट्या चिठीवर विसंबून लोक भलत्याच रानांत शोध करीत राहिले. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरांत आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याजवळ पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीस व तिच्या सोबत्यांस तो जिवंत दिसला. एकशें तेरा वर्षें मनुष्यांनीं ज्यास मेलेला समजलें, तो आपल्या झाडावर बसलेलाच होता. लूक १२:६ मध्यें प्रभूनें चिमण्यांविषयीं जें सांगितलें तें मला या ठिकाणीं आठवतें.

आणि २०१४ सालीं हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यांत आढळला. म्हणजे आपल्या शेजारीं, ज्या तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जातें त्याच्या कांठच्या सागाच्या रानांत. तो जुन्या झाडाच्या ढोलींत घरटें करितो, व सरडे, उंदीर, किडे खाऊन राहतो. ढोलीचें झाड लांकडास निरुपयोगी म्हणून आपण आधीं तोडतों! पक्ष्यास हात लाविला नाहीं, परंतु त्याचें घर गेलें.

आतां आपण कोठें बसलों आहों तें पाहूं. शेलारच्या ईशान्येस तानसा, वायव्येस तुंगारेश्वर, आणि नैर्ऋत्येस खाडीपलीकडे बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तानसा १९७० सालीं अभयारण्य झालें, तुंगारेश्वर २००३ सालीं. नकाशावर हे तीन हिरवे ठिपके दिसतात, व मध्यें आपण : वीटभट्ट्या, माग, गोदामांच्या रांगा, वाड्याचा रस्ता. ठिपक्यांत राहणाऱ्या जनावरांस मध्यें कांहीं आहे हें कोणी सांगितलेलें नाहीं.

२००९ सालीं पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें एक मोठा बिबळ्या विहिरींत पडला. त्यास बाहेर काढून, विद्या अत्रेय या अभ्यासक बाईंच्या पथकानें त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधिला, व माळशेज घाटांत सोडून दिलें. त्याचें नांव त्यांनीं ‘आजोबा’ ठेविलें. त्याच नांवाचा चित्रपटहि पुढें निघाला. हा आजोबा कांहीं आठवड्यांत सुमारें १२० किलोमीटर चालला. त्यानें मुंबई-आग्रा रस्ता ओलांडिला, कसाऱ्यास रेल्वेची वाट ओलांडिली, वसईच्या कारखान्यांजवळून गेला, खाडी पोहला, आणि बोरिवलीच्या रानांत पोंचला. सबंध वाटेंत त्यानें एकाहि मनुष्यास इजा केली नाहीं. तो २०११ च्या डिसेंबरांत मेला : मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वाहनाच्या धडकेनें.

त्याच्या पायांखालून किती तालुके व किती अधिकाऱ्यांच्या हद्दी गेल्या असतील! अशा प्राण्याचें रक्षण एका रानाच्या रखवालदाराकडून होणें शक्य नाहीं. यासाठींच सबंध राज्याची मिळून एक योजना पाहिजे. राज्य वन्यजीव मंडळानें २०२१ सालीं तशी मान्य केली : २०२१ ते २०३० या दहा वर्षांचा वन्यजीव कृति आराखडा. रानांमधील जोडवाटा राखणें, अभयारण्याबाहेरच्या जीवांची काळजी घेणें, मनुष्य व श्वापद यांचा तंटा कमी करणें, हीं कामें त्यांत घेतलीं आहेत. सरकारी कागदास हंसण्याची आपणांस संवय आहे. मी हंसत नाहीं. मापें अगोदर ठरविणें ही देवाचीच रीत आहे. परंतु नोहानें मापें ऐकिलीं व मग लांकूड हातीं घेतलें. या आराखड्यांतील जोडवाट जेथून जाते ती जमीन सरकारची नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती आपल्या सातबाऱ्यावर आहे.

गेल्या महिन्यांत डोंगराच्या पायथ्याचे एक बंधू मजकडे आले. त्यांची दोन एकर वरकस जमीन आहे; दगड, करवंदी, कांहीं ऐनाचीं झाडें. गोदामासाठीं दलाल भाव सांगून गेला होता. मुलीच्या शिक्षणाचें कर्ज डोक्यावर, आणि त्याच आठवड्यांत बिबळ्यानें दोन शेळ्या नेलेल्या. त्यांनीं विचारिलें, “पाळकसाहेब, विकणें हें पाप आहे काय?”

मीं पाप म्हटलें नाहीं. ज्यास दर महिन्यास पगार मिळतो त्यानें कर्जदारास रानाचा उपदेश करणें फार सोपें आहे. आणि आपल्यांतील कित्येकांची भाकरी त्याच गोदामांतून येते. मीं एवढेंच विचारिलें कीं, ओढा कोणत्या अंगानें वाहतो. ते म्हणाले, “मागच्या अंगानें. तेथेंच वाळूंत पंजे उमटतात.” मग आम्ही बराच वेळ बसलों. रस्त्याकडील भाग विकून ओढ्याकांठची झाडी राखतां येईल काय, याचा हिशेब त्यांनीं पाटीवर मांडिला. पैसे कमी येतात, हें खरें. त्यांचा निश्चय अद्याप झालेला नाहीं, आणि मी त्यांच्यासाठीं प्रार्थना करीत आहें.

शेळ्यांविषयीं मात्र सर्वांनीं ऐकावें. जनावर मारलें गेलें तर तें हलवूं नये, व अठ्ठेचाळीस तासांच्या आंत वनखात्यास कळवावें. पंचनामा झाल्यावर भरपाई मिळते. १९२६ या क्रमांकावर फोन करितां येतो. रागाच्या भरांत मेलेल्या शेळींत विष घालणारे लोक आहेत. तें विष बिबळ्यापाशीं थांबत नाहीं, कोल्हा, घार व गांवचा कुत्रा यांसहि पोंचतें. राबासाठीं फांद्या तोडतांना ढोलीचें झाड सोडावें. मोहाच्या दिवसांत झाडाखालीं आग लावण्याऐवजीं झाडलोट करावी. श्रम अधिक आहेत हें मी जाणतों. उपदेशक बंधूंनीं हें पाड्यापाड्यांत सांगावें, व ग्रामसभेंत ओढ्याचा किंवा गायरानाचा विषय निघेल तेव्हां मागच्या ओळींत बसूं नये.

मुलांनो, तुमच्यासाठीं अनुवाद २२:६-७ वाचून ठेविलें आहे. वाटेंत घरटें सांपडलें तर पिलांबरोबर आईस धरूं नये, असा तेथें नियम आहे. एवढ्या मोठ्या नियमशास्त्रांत देवानें एका घरट्यासाठीं जागा ठेविली!

पुढील रविवारीं उपासनेपूर्वीं, सकाळीं सातास, आपण त्या ओढ्याकांठीं चालत जाणार आहों. वाळूंतील पंजे ते बंधू स्वतः दाखवितील. बेचक्या घरीं ठेवून याव्या.