तिचे सर्व ऐकून घेणारा प्रभू

शास्त्रपाठ : मार्क ५:२५-३४

रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री बारा वर्षे वैद्यांचे उंबरे झिजवीत होती. जवळचे सर्व खर्चूनही तिला गुण आला नाही. अशा भगिनी आजही आपल्या मंडळ्यांत आहेत.

ल्यूपस या विकाराचेच पाहू. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच यात स्वतःच्या अवयवांवर उलटते. दहा रोग्यांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या. आज सांधे धरतात, पुढे बारीक ताप येतो, केस गळतात. मध्येच सारे थांबते. १९४८ साली या रोगातील एल. ई. पेशीचा शोध लागला, मागून ए. एन. ए. तपासणी आली; परंतु ती निरोगी माणसातही कधी कधी सदोष येते. एकाच तपासणीवर निदान ठरत नाही, सर्व लक्षणे एकत्र मांडावी लागतात. म्हणून पुष्कळदा वर्षे जातात, आणि तोवर मूत्रपिंडे आतल्या आत बिघडू शकतात.

या काळात तिला काय ऐकावे लागते? "सोंग करते", "कामाचा कंटाळा", आणि मंडळीत, "विश्वास कमी पडतो." हा घाव सर्वांत खोल जातो. पण प्रभूने वैद्यांकडे गेल्याबद्दल तिला दोष दिला नाही. उलट तिच्या विश्वासाची सर्वांसमक्ष साक्ष दिली. याईराची मुलगी मरणोन्मुख होती, गर्दी रेटीत होती. तरी तिची हकीकत पुरी होईपर्यंत तो थांबला, आणि त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, वर्गातील एखादी मुलगी सदा थकलेली दिसली, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी आपण विचारपूस करू या. कोणत्या दिवशी काय दुखले हे तारीखवार लिहून ठेवण्यास आजाऱ्याला मदत करू या. डॉक्टरांकडे सोबत जाऊ या. संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे का, लघवी तपासावी का, हे विचारू या. ल्यूपस समूळ जात नाही, पण औषधाने बहुधा ताब्यात राहतो. म्हणून प्रार्थना जरूर करू. परंतु औषध सोडण्याचा सल्ला कोणास देऊ नये.

हे प्रभू, घाईतही थांबणारे तुझे अंतःकरण आम्हांस दे. आमेन.