नदीची इस्लाह

अब्बांना तसविरींचे वावडे होते. घराच्या भिंतीवर माणसाचा फोटो लावलेला त्यांना चालत नसे. नदीच्या, डोंगराच्या फोटोला मात्र त्यांनी कधी हरकत घेतली नाही. "पाण्याला, झाडाला कसली बंदी?" असे ते म्हणत. म्हणूनच की काय, बी.एड. होऊन नोकरी लागल्यावर मी कॅमेरा घेतला आणि माझी पावले आपोआप वाशिष्ठीकडे वळली. नदीच्या फोटोत गुनाह होऊच शकत नाही, असा माझा समज होता. आठवीतल्या एका मुलीने तो मोडला.

नदीचा फोटो दिसतो तितका सोपा नसतो. भर दुपारी काढला तर पाणी पांढरेफटक येते; सकाळच्या किंवा असरनंतरच्या तिरप्या उन्हात तेच पाणी बोलू लागते. क्षितिज चौकटीच्या मधोमध आले की चित्राचे दोन तुकडे पडतात, म्हणून ते वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात ठेवायचे. नदी कोपऱ्यातून शिरून वळणे घेत दूर गेली, तर पाहणाऱ्याची नजरही तिच्यासोबत जाते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवला की खळाळते पाणी रेशमासारखे उतरते. उरलेले काम संगणकावर. सावल्या थोड्या उजळायच्या, आभाळ थोडे गडद करायचे, वाकडे क्षितिज सरळ करायचे.

उर्दू शिकवणाऱ्याला या कामासाठी शब्द शोधावा लागत नाही. शागिर्द गझल घेऊन येतो, उस्ताद तिची इस्लाह करतात. मी फोटोची इस्लाह करत होतो.

२०२१च्या डिसेंबरमध्ये गोवळकोटच्या टेकडीवरून मी वाशिष्ठीचा एक फोटो काढला. वळण सुरेख आले होते, पण पात्रात साचलेल्या गाळाचे एक बेट नेमके त्या वळणाच्या आड येत होते. संगणकावर त्याच्यावर बोट फिरवले, शेजारचे पाणी तिथे ओढले, गढूळ रंगाला जरा निळाई दिली. दहा मिनिटांत नदी मोकळी झाली. फोटो छापून वर्गात लावला. सगळ्यांनी वाहवा केली.

ती मुलगी मात्र बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "सर, बेट कुठे गेले? ते काढावे म्हणून तर आमचे अब्बा उपोषणाला बसलेत."

त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. तिच्या घरातले धान्य, अंथरुणे, भावंडांची पुस्तके, सगळ्याचा चिखल झाला होता. गाळ साचून नदीचे पात्र उथळ झाले, हे पुराच्या कारणांपैकी एक, म्हणून तो काढावा यासाठी शहरातले लोक साखळी उपोषणाला बसले होते. जे काढण्यासाठी माणसे उपाशी बसली होती, ते मी दहा मिनिटांत काढून टाकले होते. आणि नदीत ते होते तिथेच होते.

मी स्वतःचा बचाव करून पाहिला. थोरामोठ्यांनीही हेच केले आहे ना? अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४२ मध्ये स्नेक नदी आणि टेटन पर्वताचा फोटो काढला. प्रिंट करताना अंधाऱ्या खोलीत कुठे उजेड रोखायचा, कुठे जास्त द्यायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जर्मनीच्या आंद्रेआस गुर्स्की यांनी तर १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या फोटोतून काठावरची इमारत आणि माणसे संगणकावर पुसून टाकली. तो फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरना गेला. फोटोला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती.

पण मन मानेना. अ‍ॅडम्स यांनी उजेड बदलला, नदीचे वळण होते तेच राहिले. गुर्स्की यांनी पुसले, पण पुसल्याचे लपवले नाही. ही माझ्या मनातली ऱ्हाइन आहे, असाच त्यांचा दावा होता. मी मात्र पुसलेही आणि खाली लिहिलेही, 'आपली नदी'. ज्यांची ती नदी, त्यांनाच मी खोटी गवाही दिली होती.

तेव्हा इस्लाह या शब्दाचा अर्थ नव्याने कळला. उस्ताद ढिला शब्द बदलतात, वजन सांभाळतात; पण शागिर्दाचे दुःख काढून त्या जागी आपली खुशी ठेवत नाहीत. मजमून त्याचाच राहतो. उजेड, चौकट, क्षितिज ही फोटोची जबान; ती हवी तेवढी सुधारावी. नदीत जे आहे, तो नदीचा मजमून. तो आपल्याकडे अमानत असतो. कोणी म्हणेल, चौकट निवडतानाही काहीतरी बाहेर राहतेच. खरे आहे. मग बाहेर ठेवताना एवढेच विचारावे, की आपण वगळतो आहोत ते नुसते डोळ्यांना खुपते आहे, की कोणाच्या हालांचा तो पुरावा आहे?

पुढच्या रविवारी मी पुन्हा नदीवर गेलो. या वेळी टेकडीवर न थांबता खाली उतरलो, ओहोटीची वेळ साधली आणि ऊन कलेपर्यंत बसून राहिलो. मग पाणी तांबूस झाले आणि ते बेट चौकटीच्या तिसऱ्या भागात असे आले, की नदी त्याला अडखळून वळताना स्पष्ट दिसली. संगणकावर फक्त सावल्या उजळल्या. फोटो पहिल्यापेक्षा चांगला आला, हे मी नम्रपणे पण खात्रीने सांगतो.

जुना फोटो मी फाडला नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावले. दरवर्षी नवी मुले येतात, दोन्हीत फरक काय ते शोधतात. बेट सापडले की ती एकदम ओरडतात आणि मला पुन्हा एकदा कबूल करावे लागते की ते मी पुसले होते.