खिशातले पिस्तूल

स्वसंरक्षणासाठी गृहस्थाने शस्त्र बाळगावे की नाही, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे वादविवादाचा समजत आलो. महाविद्यालयात असताना त्याच्या दोन्ही बाजूंनी मी बोललो आहे, आणि एकदा बक्षीसही मिळवले आहे. कोणत्या बाजूने, ते आता आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात भिलाई-३ येथील आमच्या वसाहतीत दोन घरे सोडून चोरी झाली, आणि तोच प्रश्न घरचा झाला. चोरीत कोणाला इजा झाली नाही. त्या घरची मंडळी गावी गेलेली होती. परंतु चरोद्याच्या यार्डातील कामामुळे महिन्यातील काही रात्री मला बाहेर काढाव्या लागतात, आणि त्या रात्री घरी पत्नी व पाच वर्षांची मुलगी अशा दोघीच असतात. कचेरीतील एका वडीलधाऱ्या स्नेह्याने सल्ला दिला, "खिशात मावेल असे एखादे छोटे, स्वस्तातले पिस्तूल घेऊन ठेवा. मन निर्धास्त राहील."

त्या वाक्यातील विशेषणांकडे माझे लक्ष मागाहून गेले. टॉर्च घेताना किंवा फाउंटन पेन घेताना आपण हीच विशेषणे वापरतो. ज्या वस्तूचे काम माणूस मारणे हे आहे, तिलाही ती इतक्या सहज लावता यावीत, याचे मला नवल वाटले.

प्रथम स्वस्तपणाचेच पाहू. आपल्याकडे सैन्याच्या आणि पोलिसांच्या बोअरची हत्यारे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. त्याच्या वाट्याला मुख्यतः .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर येते. आणि परदेशातून मागवण्याची वाट त्याला १९८० नंतरच्या दशकातच बंद झाली. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या त्या भीषण घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांना पर्समध्ये ठेवता यावे म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम. किंमत त्या वेळी १,२२,३६० रुपये. निर्भयतेची ही किंमत ज्या बाईला रात्री पायी घरी यावे लागते तिला परवडणारी नव्हती. आणि जिला परवडली असती, ती बहुधा मोटारीने घरी येत असावी. तात्पर्य, कायद्याच्या दाराने गेलेल्या मनुष्यास स्वस्त पिस्तूल मिळत नाही. स्वस्त मिळतो तो कट्टा, आणि त्याला परवाना नसतो. म्हणजे 'स्वस्त' या एका शब्दाने गृहस्थ गुन्हेगाराच्या दुकानाशी येऊन उभा राहतो. शिवाय ओबडधोबड नळीचे ते हत्यार चालवणाऱ्याच्याच हातात फुटण्याची धास्ती असते ती वेगळीच.

कट्टा म्हटले की या भागातील माणसाला एक पहाट आठवते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी कामगार पुढारी शंकर गुहा नियोगी यांना भिलाईतील त्यांच्या घरी, खिडकीतून, झोपेत असताना गोळी घालण्यात आली. हत्यार गावठी पिस्तूल होते. आपल्या जिवावर कोणी उठले आहे याची नियोगींना कल्पना होती. त्यांच्या राजकारणाविषयी आमच्या कचेरीत आजही दोन मते ऐकू येतात. परंतु त्यांच्या उशाखाली उत्तमातले उत्तम पिस्तूल असते तरी काय झाले असते, याविषयी दोन मते संभवत नाहीत. ढाल प्रथम वार झेलते. पिस्तुलाला झेलणे ठाऊक नाही. ते नेहमी पहिल्याने चालवणाऱ्याचे असते.

आणि माझ्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. बचावासाठी पिस्तूल बाळगणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावयाचा असेल, तर त्याने समोरच्याच्या आधी हालचाल केली पाहिजे. आधी हालचाल करावयाची तर आधी संशय घेतला पाहिजे. पिस्तुलाबरोबर ही सवय विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत पावतीवर लिहिलेली नसते. आमच्या रेल्वे वसाहतीत अपरात्री दार वाजणे ही गोष्ट जुनी आहे. ड्यूटीवर बोलवायला कॉलमन यायचा. आता बोलावणे फोनवर येते, तरी कधीमधी अजूनही कोणी येतो. कोणाच्या घरी कोणी आजारी असते, कोणाला गाडीची वेळ विचारायची असते. दोन वाजता कडी वाजली की आम्ही विचारतो, "कोण आहे?" उशाशी भरलेले पिस्तूल असलेल्या घरातून हाच प्रश्न त्याच सुरात विचारला जाईल काय?

कायद्याने या बाबतीत कंजूषपणा केलेला नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी बचावाचा हक्क होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. साध्या चोराचा जीव घेता येत नाही. पण सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क मृत्यूपर्यंत पोहोचू शकतो. तथापि अंधारात दाराशी उभी असलेली आकृती कोणाची, हे मात्र कोणतेही कलम सांगत नाही. (निवडणूक आली की परवान्याची हत्यारे बहुधा ठाण्यात जमा करावी लागतात. त्या मुदतीपुरता चोरांनीही आचार पाळावा अशी अपेक्षा असावी.)

एवढ्यावरून मी अहिंसक ठरतो असे मात्र नाही. १९०८ साली जोहान्सबर्ग येथे गांधीजींवर जीवघेणा हल्ला झाला. आपण त्या वेळी हजर असतो तर काय करणे योग्य ठरले असते, असे त्यांच्या थोरल्या मुलाने पुढे विचारले. बळ वापरूनही बापाचे रक्षण करणे हेच तुझे कर्तव्य होते, असे उत्तर आपण दिल्याचे गांधीजींनी १९२० साली लिहिले आहे. भित्रेपणा आणि हिंसा यांतूनच निवड करावयाची तर हिंसा पत्करावी, हा त्यांचा निर्वाळा. तो वाचल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. पिस्तूल न घेण्यात तत्त्व किती, आळस किती आणि सव्वा लाखाची धास्ती किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

परंतु त्याच गांधीजींचा देह ३० जानेवारी १९४८ रोजी ज्या बेरेट्टाने कोसळला, तेही खिशात मावणारेच होते. ते ग्वाल्हेरीत मिळवले गेले होते आणि चालवणारा मराठी होता. मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना हे कोणी ना कोणी ऐकवलेले आहे. दसऱ्याला आपण शस्त्रे पाटावर मांडून, चारचौघांत पूजतो. भिंतीवरची तलवार सर्वांना दिसते. तिचे निम्मे काम त्या दिसण्यानेच होते. खिशातले शस्त्र कोणाला दिसत नाही, म्हणून ते कोणाला परावृत्तही करीत नाही. प्रार्थनेला जमलेल्या लोकांत ते नमस्काराइतक्याच सहज पुढे जाऊ शकते.

हे सारे मी पत्नीला एका रविवारी सांगितले. परवान्यासाठी लागणारा ए-१ अर्ज मी तोवर आणून ठेवला होता. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, रात्रपाळीला जाताना ते बरोबर नेणार, की घरी ठेवणार?"

"घरीच. तुमच्यासाठीच तर घ्यायचे."

"मग परवाना माझ्या नावाचा काढायला हवा. आणि पोरीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ते ठेवले, तर रात्री घाईत माझ्या हाताला कसे लागेल?"

मी उत्तर दिले नाही. मागच्या दाराला लोखंडी अडसर बसवून घेतला आणि परसात एक दिवा लावला; दोन्ही मिळून खर्च दीड हजाराच्या आत झाला. अर्ज अजून कपाटात आहे. रात्रपाळीला निघताना मी बाहेरून दार लोटतो, आतून अडसर पडल्याचा आवाज येईपर्यंत पायरीवर थांबतो, आणि मग सायकल काढतो.