कवा फेडायचं?

नैतिक प्रश्न दुसऱ्याच्या खात्यावर असला, की त्याचे उत्तर आपल्याला तोंडपाठ असते. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी एवढे तरी शिकलो आहे. (मी नुसता बसतोच, असे काउंटरपुढच्या मंडळींचे मत आहे.)

२०१९ साली पी.एम. किसान योजना आली आणि आमच्या शाखेत जत्रा भरू लागली. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यात. २०२३ साली राज्य सरकारने आणखी तितकेच जाहीर केले. "फुकट देऊन देऊन लोकांना आळशी करून ठेवलंय," असे मी रांगेकडे पाहून म्हणत असे. त्या वेळी माझे स्वतःचे घर कर्मचाऱ्यांच्या स्वस्त व्याजावर उभे होते; पण ती ‘सवलत’, आणि यांचे ते ‘अनुदान’! २०१७ साली सरकारने सरकारी बँकांसाठी दोन लाख अकरा हजार कोटींची योजना जाहीर केली, तिला तर ‘पुनर्भांडवलीकरण’ म्हणतात. एवढा मोठा शब्द उच्चारेपर्यंत लाज आपोआप गळून पडते.

एकदा एक आबा पासबुक भरून घ्यायला आले. नोंद बोटाने दाखवून म्हणाले, "सायेब, हे कवा फेडायचं?"

"फेडायचं नाही, आबा. सरकारनं दिलंय."

"बँकेतनं आलेलं फेडायचं न्हाई?" आबांना हे काही पटेना. "मग ऱ्हाऊ द्या तितंच. कुनी मागाया आलं, तर असावं."

त्याच सुमारास गावाहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, सातबाऱ्यावर तुझंबी नाव हाय. म्या फॉर्म भरलाय." वडिलांच्या मागे माझ्या वाट्याला अकरा गुंठे आले आहेत. त्यांत मी फक्त गावच्या जत्रेला पाय ठेवतो, तोही बूट घालून. आणि माझ्या खात्यात २००० रुपये जमा झाले.

प्राप्तिकर भरणाऱ्याला ही मदत मिळत नाही, हा नियम मी स्वतः दहा जणांना ऐकवला होता. पण मी पडलो बी. कॉम. मी हिशेब मांडला. वडिलांनी जन्मभर कांदा मातीमोल विकला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. तेव्हा भावाच्या कांद्याचे भाव पडले. शहरात स्वस्त कांदा खाल्ला गेला, ते अनुदान कोणी कोणाला दिले? हे २००० म्हणजे मदत नव्हेच, थकबाकीचा हप्ता! चक्रवाढ व्याजाने सरकारच आमचे देणे लागते, असे मी सौ.ला सिद्ध करून दाखवले.

तिने सगळे ऐकून घेतले. "हिशेब बरोबर आहे," ती म्हणाली, "पण कांदा भाऊजींनी पिकवला. तुम्ही त्याची भजी खाल्लीत."

पैसे परत करायची सोय योजनेच्या संकेतस्थळावर आहे. मी ते परत केले. भाऊ दोन महिने बोलत नव्हता. फॉर्म भरायला त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली होती, आणि ती कोणत्या खात्यावर टाकायची, हे मला अजून सुचलेले नाही.

पुढच्या हप्त्याला आबा पुन्हा आले. पासबुक पुढे सरकवत हळूच विचारले,

"आलं का कुनी मागाया?"